वाचकांनीं जुळविलेल्या जोड्या

दुसऱ्यांचीं लग्नें जमविण्याची हौस मनुष्यस्वभावांत किती खोल रुजलेली आहे हें पाहावयाचें असेल तर लग्नसराईच्या मांडवांत जाण्याची जरुरी नाहीं. एखादी लोकप्रिय कादंबरी चार जणांनीं वाचून संपविल्यावर त्यांच्या गप्पा ऐकाव्या म्हणजे पुरे. कथानकाची बांधणी, भाषेची सफाई, लेखकाचे विचार यांविषयीं त्या चौघांचें बहुधा एकमत होतें. मतभेद झालाच तर तो सौम्य असतो. परंतु नायिकेनें कोणाच्या गळ्यांत माळ घालावयास हवी होती हा प्रश्न निघाला कीं आवाज चढूं लागतात. ज्या व्यक्ति कधीं जन्मासच आल्या नाहींत त्यांच्या संसाराची एवढी काळजी जित्याजागत्या माणसांनीं कां वाहावी, असें एखादा अरसिक विचारील. रसिकाला पडणारा प्रश्न निराळा आहे: एकच पुस्तक सारख्याच प्रेमानें वाचणाऱ्या दोघांना दोन निरनिराळ्या जोड्या कां हव्याशा वाटतात, आणि एकाची आवड दुसऱ्याला नुसती चुकीचीच नव्हे तर कधीं कधीं अनीतीची कां वाटते?

या प्रश्नाकडे माझें लक्ष वेधलें तें गेल्या दिवाळींत घरीं झालेल्या एका वादामुळें. शान्ता शेळके यांनीं 'चौघीजणी' या नांवानें मराठींत आणलेली लुइसा मे ऑल्कॉट हिची कादंबरी आमच्या घरांतल्या तीन पिढ्यांनीं वाचली आहे. फराळाच्या ताटांभोवतीं तिची गोष्ट निघाली. जोनें लॉरीला नकार दिला हें तिचें शहाणपण, असें माझ्या थोरल्या बहिणीचें मत. हातचा असा सखा घालवून जोनें एका मध्यमवयीन जर्मन पंतोजीशीं लग्न केलें याचें दुःख आपल्याला अद्याप होतें, असें तिच्या सुनेचें मत. दोघींची चांगलीच जुंपली असतां बहिणीची सोळा वर्षांची नात मध्येंच म्हणाली कीं, तिला या दोन्ही जोड्या मिळमिळीत वाटतात. तिला हॅरी पॉटरच्या कथांतील हर्मायनी आणि ड्रेको मालफॉय यांची जोडी आवडते. हें ऐकतांच क्षणापूर्वीं भांडणाऱ्या आजी आणि आई एक झाल्या. जो मुलगा तिला तिच्या जन्मावरून हिणवतो, तिच्या मरणाचीही इच्छा बोलून दाखवतो, त्याच्याशीं तिचें प्रेम? ही कसली आवड? मुलगी निमूटपणें उठून गेली. रात्रीं तिनें मला गच्चीवर गांठून विचारलें, "मामाआजोबा, मला तसल्या गोष्टी आवडतात म्हणजे मी वाईट आहें का?" ज्यानें आयुष्यभर पुस्तकांवर लिहिलें त्याला या साध्या प्रश्नाचें उत्तर तत्काळ देतां आलें नाहीं, याची मला लाज वाटली. पुढील विवेचन हा त्या उत्तराचाच प्रयत्न आहे.

हा कलह आजकालचा नाहीं. सॅम्युअल रिचर्डसनची 'क्लॅरिसा' ही पत्ररूप कादंबरी १७४७-४८ सालीं लंडनमध्यें खंडशः प्रसिद्ध होत होती. घरच्यांनीं लादलेला विवाह टाळूं पाहणारी क्लॅरिसा ही लव्हलेस नांवाच्या देखण्या, बुद्धिमान आणि विधिनिषेधशून्य तरुणाच्या जाळ्यांत सांपडते. तो तिला गुंगीचें औषध देऊन तिच्यावर अत्याचार करतो. मागाहून लग्न करण्यास तयार होतो, परंतु ती त्यास ठाम नकार देऊन मृत्यूला सामोरी जाते. शेवटचे खंड बाहेर पडण्यापूर्वींच या शोकपर्यवसानाची कुणकुण वाचकांस लागली, आणि लेडी ब्रॅडशे या वाचक स्त्रीनें टोपणनांवानें रिचर्डसनला पत्रें लिहून गळ घातली कीं, लव्हलेसला सुधारावें आणि क्लॅरिसेशीं त्याचें लग्न लावावें. रिचर्डसन बधला नाहीं. उलट, आपण रंगविलेला खलपुरुष इतक्या वाचकांना मोह घालतो हें पाहून तो अस्वस्थ झाला, आणि पुढील आवृत्त्यांत लव्हलेसचें काळेपण कोणाच्या नजरेंतून निसटूं नये म्हणून त्यानें टीपा व मजकूर वाढविला. लेडी ब्रॅडशेच्या बहिणीनें तर आपल्या मनाजोगता निराळा शेवटच लिहून काढला. त्यांत तो अत्याचार घडतच नाहीं. हा शेवट १९८२ सालीं छापून प्रसिद्ध झाला. वाचकानें लेखकाच्या हातून लेखणी काढून घेऊन आपल्या आवडीची तड लावावी, या प्रकाराला आज 'फॅन फिक्शन' म्हणतात. त्या कुळाची ही एक जुनी पूर्वज म्हणावयास हरकत नाहीं.

पुढें सुमारें सत्तर वर्षांनीं सर वॉल्टर स्कॉटवर हाच प्रसंग आला. त्याची 'आयव्हन्हो' १८१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. नायकाचें लग्न कुलीन, सुंदर, परंतु कांहींशा निस्तेज अशा रोवेनाशीं होतें; आणि जिनें जखमी नायकाची शुश्रूषा केली, चेटकाच्या आरोपाखालीं उभी असतांही जी डगमगली नाहीं, ती ज्यू तरुणी रिबेका पित्यासह स्पेनकडे निघून जाते. वाचकांची, त्यांतही स्त्रीवाचकांची, तक्रार एवढी झाली कीं १८३० च्या प्रस्तावनेंत स्कॉटला तिचें उत्तर द्यावें लागलें. एक तर त्या काळच्या पूर्वग्रहांमुळें असा विवाह जवळजवळ अशक्य होता. आणि दुसरें असें कीं, थोर शीलाच्या पात्राला ऐहिक सुखाचें बक्षीस देणें म्हणजे त्याच्या थोरवीस कमीपणा आणणें होय, असें त्याचें म्हणणें. थॅकरेला हें पटलें नाहीं. 'रिबेका अँड रोवेना' या १८५० सालच्या विनोदी उत्तरकथेंत त्यानें रोवेनाला मृत्यु दिला, रिबेकाला ख्रिस्ती केलें आणि तिचें आयव्हन्होशीं लग्न लावलें. परंतु हवी ती जोडी जमवूनही थॅकरेला त्या दोघांना आनंदानें नांदवितां आलें नाहीं. तीं दोघें गंभीर राहिलीं आणि फार काळ जगलीं नाहींत असें सुचवून तो वाचकांची रजा घेतो. ज्या स्वधर्मनिष्ठेमुळें रिबेका आपल्या मनांत भरली तीच त्या लग्नासाठीं खर्ची पडली, हें त्याच्या चतुर लेखणीला जाणवलें असावें. वाचकाची इच्छा पुरी करावयाची तर तिची किंमत कोणत्या तरी पात्राला मोजावी लागते, हा धडा येथें प्रथम दिसतो.

परंतु या वादाचें सर्वांत बोलकें उदाहरण ऑल्कॉटबाईंचेंच आहे. 'लिटल विमेन'चा पहिला भाग १८६८ च्या सप्टेंबरअखेर बॉस्टन येथें निघाला आणि दुसरा १८६९ सालीं. मधल्या काळांत मुलींचीं पत्रें येऊं लागलीं: या बहिणी पुढें कोणाशीं लग्न करतात? १ नोव्हेंबर १८६८ च्या दैनंदिनींत बाईंनीं त्रासून लिहून ठेवलें आहे कीं, जणूं काय लग्न हेंच स्त्रीच्या आयुष्याचें एकमेव साध्य असल्याप्रमाणें या मुली विचारतात, आणि कोणाला खूष करण्यासाठीं आपण जोचें लग्न लॉरीशीं लावणार नाहीं. दुसरा भाग निघण्यापूर्वीं एका पत्रांत त्यांनीं याहून स्पष्ट कबुली दिली. जो ही अविवाहित लेखिकाच राहावयास हवी होती. परंतु लग्नाचा आग्रह धरणाऱ्या तरुणींना साफ नकार देण्याचा धीर झाला नाहीं, म्हणून केवळ हट्टानें आपण तिच्यासाठीं एक गंमतीचें स्थळ पाहिलें! प्रोफेसर बेअरचा जन्म असा झाला. बाई स्वतः जन्मभर अविवाहित राहिल्या.

आतां या दोन पक्षांचें म्हणणें नीट ऐकून घेऊं. लॉरीच्या बाजूनें बोलणारे वाचक सांगतात कीं, जो आणि लॉरी हीं एकमेकांचीं प्रतिबिंबेंच आहेत. ती मुलगी असून मुलासारखी धसमुसळी, तो मुलगा असून संगीताचा वेडा आणि हळवा. नांवेंसुद्धां तिचें मुलाचें व त्याचें मुलीचें वाटावें अशीं. कुंपणापलीकडचा शेजार, एकत्र केलेल्या खोड्या, एकमेकांचीं गुपितें, यांतून जें सख्य उगवलें त्याचें प्रीतींत रूपांतर होणें हें या वाचकांना फुलाचें फळ होण्याइतकें स्वाभाविक वाटतें. बेअरच्या बाजूचे वाचक म्हणतात कीं, याच साम्यांत धोका आहे. दोघेंही तापट, दोघेंही हट्टी; नकार देतांना जो स्वतः हेंच कारण सांगते. न्यूयॉर्कच्या खाणावळींत भेटणारा बेअर गरीब आहे, वयस्क आहे, आपले मोजे आपणच रफू करीत बसतो. परंतु तो जोचा लेखक म्हणून गंभीरपणें विचार करतो, आणि पावसांत एका छत्रीखालीं आपले रिकामे हात पुढें करतो तेव्हां त्या प्रसंगांत लॉरीच्या आर्जवांहून अधिक परिपक्व असें कांहीं तरी असतें. यावर लॉरीपक्षाचें प्रत्युत्तर तयारच असतें: हा गृहस्थ जोच्या भडक कथांना नाकें मुरडतो आणि ती त्या जाळून टाकते; असला गुरु नवरा म्हणून कशाला? या प्रत्युत्तराला धार येते ती ऑल्कॉटबाईंनीं स्वतः ए. एम. बर्नार्ड या टोपणनांवानें तसल्याच भडक कथा लिहिल्या होत्या या माहितीमुळें.

शिवाय एक तिसरा पक्ष आहे: जोनें कोणाशींच लग्न करावयास नको होतें. हा पक्ष मूळ लेखिकेचाच असल्यानें त्याला विशेष मान. ग्रेटा गर्विग हिनें २०१९ सालीं काढलेल्या चित्रपटांत या तिन्ही पक्षांची समजूत घालण्याची एक चतुर युक्ति योजिली आहे. तेथें प्रकाशक जोला बजावतो कीं, नायिकेचें लग्न लावल्याखेरीज पुस्तक खपणार नाहीं. जो सौदा करते. आणि छत्रीखालचा तो प्रसंग जोच्या आयुष्यांत घडला कीं केवळ तिच्या पुस्तकांत, हें प्रेक्षकांनीं आपापल्या मनाशीं ठरवावयाचें. दीडशें वर्षें चाललेल्या भांडणालाच शेवटीं कथानकांत स्थान मिळालें!

या तिन्ही पक्षांचें बोलणें लक्षपूर्वक ऐकलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. वाद दिसतो दोन पुरुषांबद्दल, पण खरा वाद आहे नात्याच्या घडणीबद्दल. ज्याला लॉरी हवा असतो त्याला सख्यांतून उमललेली प्रीति हवी असते. जो आपल्याला आधींपासून ओळखतो त्यानेंच आपल्याला निवडावें, हें त्यांतलें सुख. ज्याला बेअर हवा असतो त्याला वडीलपणाच्या छायेची, वाढीला वाव देणारी प्रीति हवी असते. धडपडून आलेल्या मनाला मिळणारा विसावा हें तिचें सुख. रिबेकेसाठीं झुरणाऱ्यांना अंतराची प्रीति प्रिय असते. मिळत नाहीं म्हणूनच जी हुरहुर लावते ती. आणि चौथा प्रकार विरोधांतून जन्मणाऱ्या प्रीतीचा. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) मधील एलिझाबेथ आणि डार्सी हें त्याचें सभ्य व सर्वमान्य रूप. लव्हलेस हें त्याचें भयंकर रूप. येथें सुख असतें तें परिवर्तनाचें. मन वळतें कसें, गर्व गळतो कसा, हें पायरीपायरीनें पाहण्याची जी गोडी आहे ती पहिल्या तीन प्रकारांत नाहीं. एकाला मुक्काम प्रिय, दुसऱ्याला वाट प्रिय. वाटेवरच्या माणसाला मुक्कामाचें वर्णन मिळमिळीत वाटलें तर त्यांत नवल नाहीं.

आवड व्यक्तींची नसून घडणीची असते याचा उत्तम पुरावा अमेरिकेंतील 'स्टार ट्रेक' या मालिकेच्या भक्तांनीं दिला. ही मालिका १९६६ ते १९६९ या काळांत दूरचित्रवाणीवर झाली. तिच्या प्रेक्षकांनीं, आणि त्यांत स्त्रियाच पुष्कळ होत्या, १९६७ पासून आपलीं घरगुती नियतकालिकें काढलीं. १९७४ पासून त्यांत कॅप्टन कर्क आणि स्पॉक या दोन पुरुषांमधील प्रेमाच्या कथा छापून येऊं लागल्या. स्त्रियांनीं दोन पुरुषांच्या प्रेमाची कल्पना करावी याचें अनेकांस आश्चर्य वाटलें. त्यावर दिलें जाणारें एक स्पष्टीकरण मला बरेंच पटतें: तत्कालीन कथांत स्त्रीपात्राला एवढें दुय्यम स्थान असे कीं, बरोबरीच्या दोन जिवांचें प्रेम पाहावयाचें झाल्यास दोन्ही पात्रें पुरुषच घ्यावीं लागत. म्हणजे त्यांना हवी होती समानता. कर्क आणि स्पॉक हीं तिचीं निमित्तें. हें स्पष्टीकरण सर्वांना लागू पडेल असें नाहीं, परंतु आवडीच्या मुळाशीं काय असूं शकतें याची चुणूक त्यांत मिळते.

आतां लेखकाच्या शब्दाचा अधिकार किती, हा प्रश्न. हॅरी पॉटरच्या सात कथा १९९७ ते २००७ या दहा वर्षांत प्रसिद्ध झाल्या, आणि तेवढा काळ वाचकांत दोन तट पडले होते: हर्मायनीची जोडी रॉनशीं जमावी असें म्हणणाऱ्यांचा एक, ती हॅरीशीं जमावी असें म्हणणाऱ्यांचा दुसरा. अशा जोड्या जुळविण्याला आज 'शिपिंग' म्हणतात. 'रिलेशनशिप' या शब्दाच्या शेपटापासून झालेला हा शब्द 'एक्स-फाइल्स' या मालिकेच्या प्रेक्षकांत १९९० नंतरच्या दशकांत रूढ झाला. २००५ सालीं सहावा भाग निघाल्यावर झालेल्या मुलाखतींत मुलाखतकारानें हॅरीपक्षाच्या वाचकांस भ्रमिष्ट ठरविणारा शब्द वापरला. रोलिंगबाईंनीं त्यांची बाजू थोडी सांवरून घेतली, तरी खुणा पुस्तकांत आधींपासूनच होत्या असा निर्वाळा त्यांनींही दिला. त्या पक्षाला हा अपमान फार झोंबला. पुढें २०१४ सालीं त्याच लेखिकेनें दुसऱ्या एका मुलाखतींत सांगितलें कीं, रॉन-हर्मायनीची जोडी ही आपण आपली एक इच्छा पुरवून घेण्यासाठीं जमविली होती. हरलेल्या पक्षानें विजयोत्सव केला, जिंकलेला पक्ष रुसला! मला दोन्ही प्रसंगीं वाचकांचेंच चुकलें असें वाटतें. पुस्तक हातावेगळें झाल्यावर लेखक हाही त्याचा एक वाचक होतो. विशेष जाणता, पण वाचकच. २००५ च्या शब्दानें रॉनची जोडी अधिक खरी झाली नाहीं आणि २०१४ च्या शब्दानें ती खोटी ठरली नाहीं.

येथें दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. पुस्तकांत काय आहे, हा एक. आपल्याला काय व्हावेंसें वाटतें, हा दुसरा. पहिल्या प्रश्नांत वाचक चुकूं शकतो, आणि पानें उलटून त्याची चूक दाखवितां येते. दुसऱ्या प्रश्नांत चूक दाखविण्याजोगें कांहीं नसतें. तेथें वाचक आपल्या मनाची गोष्ट सांगत असतो. वाचकसंघांतील बहुतेक भांडणें हीं या दोहोंची गल्लत झाल्यामुळें होतात. आपली इच्छा ही लेखकाचा गुप्त हेतु होता असें एक पक्ष सिद्ध करूं जातो, आणि लेखकाचा हेतु तो नव्हता म्हणून ती इच्छाच मूर्खपणाची, असें दुसरा पक्ष ठरवितो. दोन्ही अनुमानें सारखींच लंगडीं आहेत.

परंतु गच्चीवरचा प्रश्न एवढ्यानें सुटत नाहीं. इच्छेंत चूक नसेल. पाप असूं शकेल कीं नाहीं? आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं या प्रश्नाचा विचार फार पूर्वीं केला आहे. चौदाव्या शतकांतील विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणां'त शृंगारांतील अनौचित्याचे प्रकार मोजले आहेत: एकतर्फी रति, अनेकांवरील रति, गुरुपत्नीविषयींची रति, आणि त्यांतच प्रतिनायकाच्या ठिकाणीं असलेली रति. या सर्वांस शृंगार न म्हणतां शृंगाराभास म्हणावें, असा निर्णय आहे. तेव्हां लव्हलेसवर भाळलेल्या वाचकांची आणि ड्रेकोवर भाळलेल्या आमच्या नातीची नोंद त्या यादींत सहज होईल. तथापि त्याच ग्रंथांत असेंही मान्य केलें आहे कीं, रस काय आणि रसाभास काय, आस्वाद दोहोंचाही घेतला जातो, आणि आस्वादामुळें तेही रसांतच जमा होतात. माझ्या समजुतीप्रमाणें या भूमिकेंत मोठें शहाणपण आहे. शास्त्रकारांनीं गोडी नाकारली नाहीं आणि अनौचित्यही लपविलें नाहीं. चव घ्या, पण काय चाखतां आहां तें जाणून घ्या, एवढेंच ते सांगतात.

आजच्या भांडणांत हीं दोन्ही टोकें सुटलेलीं दिसतात. एक पक्ष म्हणतो कीं, क्रूर माणसाशीं जोडी जुळविणें म्हणजे क्रौर्याला संमति देणें. दुसरा म्हणतो कीं, कल्पित कथेचा जीवनाशीं संबंधच नाहीं, सबब कोणी कांहीं विचारूं नये. पहिल्याला मी असें विचारीन कीं, वाचक कथेंत कोणत्या एका पात्राच्या ठिकाणीं उभा असतो काय? तो तर दोन्ही हृदयें एकाच वेळीं हातांत धरून असतो. भांडण त्याच्याच मुठींत चाललेलें असतें आणि पुस्तक केव्हांही मिटतां येतें. ज्या वैऱ्याला प्रत्यक्षांत ती मुलगी दारांतही उभी करणार नाहीं, त्याचें मन वळलेलें कथेंत पाहणें हें शरणागतीपेक्षां विजयाचें स्वप्न असूं शकतें. दुसऱ्याला मी म्हणेन कीं, संबंधच नसता तर रिचर्डसनला टीपा घालाव्या लागल्या नसत्या आणि आपणही इतक्या तळमळीनें भांडलों नसतों. शिवाय ड्रेको ज्या शब्दानें हर्मायनीला हिणवतो तो तिच्या रक्ताला अशुद्ध ठरविणारा शब्द आहे. जन्मावरून माणसाला अशुद्ध ठरविणें म्हणजे काय, हें महाराष्ट्रांतील वाचकाला परदेशी कथेंतून शिकावें लागत नाहीं. आजीचा आणि आईचा संताप यामुळें मला पोकळ वाटत नाहीं.

मग कसोटी कोणती? माझ्या मतें ती जोडीला लावूं नये, लेखनाला लावावी. आणि ती एका प्रश्नाची आहे: झालेल्या जखमेचें पुढें काय झालें? लेडी ब्रॅडशेच्या बहिणीनें अत्याचाराचा प्रसंगच गाळला. त्यामुळें तिनें ज्याला सुधारलें तो रिचर्डसनचा लव्हलेस राहिलाच नाहीं. त्याच नांवाचा एक सौम्य गृहस्थ झाला, आणि क्लॅरिसेच्या नकाराला जें तेज होतें तें विझलें. रिचर्डसनचा हट्ट बरोबर होता तो एवढ्यासाठीं कीं, लग्न लावल्यानें तो अपराध जणूं झालाच नव्हता असें ठरलें असतें. याच न्यायानें, ड्रेकोचा तो शब्द विसरून जाणारी कथा मला वाईट वाटेल. ती अनीतीची म्हणून नव्हे, तर ती खोटी म्हणून. उलट तो शब्द जिच्यांत शेवटपर्यंत सलत राहतो, पश्चात्तापाला जिच्यांत वाक्यांऐवजीं कृतीची किंमत द्यावी लागते, आणि क्षमा करावयाची कीं नाहीं हा अधिकार जिच्यांत दुखावलेल्या मुलीच्याच हातीं राहतो, ती कथा या आवडींतूनच निपजेल आणि तरीही औचित्याला धरून असेल. क्षेमेंद्रानें औचित्याला काव्याचें जीवित मानलें आहे. औचित्य असतें तें हातळणींत. नायकाच्या निवडीनें तें मिळत नाहीं आणि जातही नाहीं.

ही कसोटी सोंवळ्या जोड्यांनाही तितकीच लागू आहे, हें विसरूं नये. जो आणि बेअर यांची जोडी कितीही सभ्य असली तरी जळालेल्या कथांचें पुढें काय झालें हा प्रश्न तेथेंही विचारला पाहिजे. आणि थॅकरेच्या रिबेकेला धर्म सोडावा लागला त्याचें काय, हाही. सभ्य दिसणाऱ्या नात्यांत कोणाचें काय गिळलें गेलें हें विचारण्याची संवय नसल्यामुळेंच आपण वैराच्या जोडीवर तेवढे तुटून पडतों.

आतां माझी स्वतःची कबुली. सोळाव्या वर्षीं मी लॉरीपक्षाचा होतों, आणि जोचा नकार वाचून पुस्तक चार दिवस हातीं धरलें नव्हतें. चाळिशींत तें पुन्हां वाचलें तेव्हां छत्रीखालच्या त्या रिकाम्या हातांनीं डोळ्यांत पाणी आणलें. आज वाटतें कीं, बाईंच्या मनांतली एकटी जो आपल्याला वाचावयास मिळाली नाहीं हेंच खरें नुकसान. पुस्तक तेंच; बदललों मी. आवड ही जर वयाबरोबर अशी सरकत असेल तर सोळाव्या वर्षाच्या आवडीवरून कोणाच्या शीलाचा निकाल देणें हें फार घाईचें होईल.

दुसरे दिवशीं मीं नातीकडून तिच्या आवडीच्या दोन कथा मागून घेतल्या आणि वाचल्या. एकींत अपमान दहाव्या पानावर विरून जातो. दुसरींत तो शेवटच्या पानापर्यंत जागा राहतो. कोणती अधिक चांगली, असें मीं विचारलें. तिनें क्षणाचाही विलंब न लावतां दुसरी सांगितली, आणि कारणही जवळजवळ तेंच दिलें जें मीं वर इतक्या पाल्हाळानें मांडलें आहे. तेव्हां तिच्या प्रश्नाचें उत्तर मीं दिलें तें असें कीं, तसल्या गोष्टी आवडणें वाईट नाहीं. हा फरक दिसेनासा होणें मात्र वाईट, आणि तो तर तुला स्वच्छ दिसतो आहे. आजीला हें उत्तर अर्धेंच पटलें. दुसरी कथा वाचावयास मात्र तिनें मागून घेतली आहे. तिचा अभिप्राय अद्याप यावयाचा आहे. लॉरीबद्दलचा सासूसुनेचा वाद तसाच चालू आहे, आणि तो मिटावा अशी माझी मुळींच इच्छा नाहीं.